मैदान कार्यक्रमांना हवं, मग आराखड्यात ते मागायला कोण येणार?

नेरूळची रहिवासी

आमच्या सेक्टरच्या मैदानावर नवरात्रापासून फेब्रुवारीपर्यंत काही ना काही चालूच असतं. गरबा, दिवाळी पहाट, खाद्यमहोत्सव, टेनिस बॉलचे सामने, हळदीकुंकू. यातल्या बऱ्याच कार्यक्रमांना मी जाते, वर्गणीही देते. कार्यक्रम बंद करा असं म्हणायला हा धागा काढलेला नाही.

मांडव उतरला की वासे रोवलेले खड्डे तसेच राहतात. हातभर खोल, वर सुकलेलं गवत, त्यामुळे चालताना दिसत नाहीत. स्टेजखाली टाकलेली खडी कुणी उचलत नाही. संध्याकाळी फुटबॉलला येणारी मुलं आधी गोलसमोरची खडी आणि खिळे वेचतात, मग खेळायला लागतात. खेळाच्या मैदानाचा तात्पुरता वेगळा वापर वर्षातले ठरावीक दिवसच करता येतो. नगररचना कायद्यात त्यासाठी ३७अ हे स्वतंत्र कलम आहे. आपल्या सेक्टरमध्ये असे किती दिवस झाले, याची नोंद कुणी ठेवतं का?

पण खड्डे बुजवता येतात. माझी खरी काळजी नकाशाची आहे, म्हणजे कुठल्या जागेवर मैदान आणि कुठे इमारत हे ठरवणाऱ्या विकास आराखड्याची. नवी मुंबई महापालिका १९९२ ची, आणि तिचा स्वतःचा पहिला प्रारूप विकास आराखडा हरकतींसाठी खुला झाला तो २०२२ मध्ये. शहरातून हजारो हरकती गेल्या. आपल्या सोसायटीतून किती गेल्या हे मी तेव्हा विचारत फिरले होते. बहुतेकांना आराखडा म्हणजे काय तेच सांगावं लागलं. त्याच मैदानावर गरब्याला पाय ठेवायला जागा नसते.

मैदानं आपोआप टिकत नाहीत. आपल्याच शहरातल्या घणसोलीची २० एकर जागा २००३ पासून शासकीय क्रीडासंकुलासाठी राखलेली होती. पुढे तिचा काही भाग खाजगी विकासकाकडे गेला आणि संकुल रायगडमधल्या माणगाव तालुक्यात हलवायचं ठरलं. वास्तुविशारदांची संस्था कोर्टात गेली. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात बदल केला नाही. ती मंडळी गेली नसती तर घणसोलीच्या पोरांना खेळायला माणगाव गाठावं लागलं असतं.

म्हणून माझा प्रस्ताव असा. जे मंडळ मैदान वापरेल त्याने खड्डे बुजवल्याशिवाय अनामत परत मिळू नये. आणि जमिनीच्या वापराबद्दल कुठलीही सूचना निघाली, की त्या काळातल्या कार्यक्रमात एक टेबल हरकतींसाठी लावलंच पाहिजे. मैदानावर नाचायला येणाऱ्यानेच मैदान मागायलाही यावं.

मंडळ कार्यकर्ता, सेक्टर मधला

ताई, खड्ड्यांचं मान्य. मांडववाल्याला सांगून सांगून आम्हीही दमलो. पुढच्या वर्षी त्याच्या बिलातूनच कापतो.

टेबलाचं मात्र पटत नाही. तुम्हाला वाटतं मंडळ म्हणजे नुसतं नाचगाणं. पावतीपुस्तक घेऊन आम्ही दारोदार फिरतो तेव्हा कुठल्या घरात आजी एकट्या राहतात, कुणाची नोकरी गेली, कुणाला रक्त लागणार आहे, हे आम्हाला कळतं. सोसायटीच्या सेक्रेटरीला ते माहीत नसतं. लॉकडाऊनमध्ये डबे आणि औषधं पोचवणारी मुलं याच यादीवरून गेली. एजीएमला कोरम होत नाही आणि आरतीला दोनशे माणसं उभी राहतात, कारण तिथे कुणी त्यांच्याकडून काही मागत नाही. तिथेही तुम्ही फॉर्म पुढे केलात तर माणूस लांबूनच नमस्कार करून निघून जाईल.

आणि उघड बोलतो. स्टेज, लाइट, साउंड वर्गणीत होत नाही. कमानीवर ज्यांचे फोटो असतात त्यांच्या पैशात होतं. त्यांनाच न पटणारी हरकत आम्ही आमच्या मांडवात गोळा केली, तर पुढच्या वर्षी कमान येणार नाही. मग पोरांच्या चित्रकला स्पर्धेची बक्षिसं कोण देणार?

नेरूळची रहिवासी

दादा, आजींची यादी तुमच्याकडे आहे हे मला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल आदरच आहे. पण तुमचाच दुसरा मुद्दा वाचा. कमान देणारा नाराज होईल म्हणून आपण आपल्या मैदानाबद्दल आपल्याच मैदानात बोलायचं नाही? मग ते मैदान आधीच गेलंय असं समजायचं का? अशा वेळी कमान छोटी असलेली परवडेल. चित्रकलेच्या वह्या-रंगांचा खर्च आमच्या तीन-चार सोसायट्या मिळून उचलतील, हे मी जबाबदारीने लिहिते आहे.

सिडको इमारतीतला, वरचा मजला

तुमची चर्चा वाचून चीड येते. आमच्या इमारतीत स्लॅबचं प्लास्टर पडतं. पावसाळ्यात हॉलमध्ये पातेली ठेवतो. आईच्या पलंगावर ताडपत्री बांधली आहे. पुनर्विकासाची फाइल पुढे सरकली की कुणीतरी जागरूक नागरिक हरकत घेतो आणि पुन्हा सहा महिने जातात. ज्यांची घरं धड आहेत त्यांना मैदान, झाडं, पाणथळ आठवतात. आम्हाला डोक्यावरचं छप्पर आठवतं.

टेबल लावायचंच असेल तर "पुनर्विकास लवकर करा" अशा सह्यांचं लावा. पहिली सही माझी.

जुना ड्राफ्ट्समन

मी आयुष्यभर नकाशे काढले, आता निवृत्त आहे. दोन गोष्टींची गल्लत होते आहे.

वरच्या मजल्यावरच्या भाऊंना सांगतो, इमारतीच्या पुनर्विकासाची परवानगी आणि विकास आराखड्यातलं आरक्षण या दोन वेगळ्या फाइली. मैदानाचं आरक्षण मागितल्याने तुमची इमारत अडत नाही. उलट पुनर्विकासात चटई क्षेत्र, म्हणजे भूखंडावर करता येणारं एकूण बांधकाम, वाढतं, चार मजल्यांच्या जागी टॉवर येतो, त्याच सेक्टरमध्ये कितीतरी जास्त माणसं राहायला येतात. मैदान तेवढंच राहतं. म्हणजे तुमच्या इमारतीचं काम होणार असेल तर मैदान टिकवण्याची गरज तुम्हालाच अधिक पडणार आहे.

आता रीत. आराखडा मंजूर असला तरी त्यात फेरबदल करता येतो. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात त्यासाठी कलम ३७ आहे. सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, हरकतीला महिनाभर मिळतो. प्रारूप आराखड्यावर हरकत घेतली असेल तर नियोजन समितीसमोर सुनावणी होते. तिथे बसलेला माणूस तुमच्या भावना ऐकून घेतो, पण लिहून घेतो तो भूखंड क्रमांक. "आमचं मैदान वाचवा" एवढंच लिहिलेली हरकत निकालात काढायला सोपी. भूखंड क्रमांक, सेक्टर, नकाशावर आज दाखवलेला वापर, तुम्हाला हवा असलेला वापर आणि कारण, एवढं एका पानात लिहा. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्या. पोच नसेल तर हरकत दिलीच नव्हती असं धरून चाला. एकाच मजकुराच्या झेरॉक्स शेकड्यांनी देण्यात मला फार अर्थ वाटत नाही. पन्नास जणांनी आपापल्या कारणांनी लिहिलेलं अधिक जड पडतं.

आणि सूचना निघाल्यावर टेबल लावणं उशिराचं आहे. निम्मा महिना सूचना कळण्यातच जातो. भूखंडांची यादी आत्ताच करून ठेवा.

करावे गावचा

सगळं वाचलं. सेक्टर, मैदान, आरक्षण. एकानेही गावाचं नाव घेतलं नाही.

ज्या मैदानासाठी तुम्ही भांडताय ते कुणाचं तरी शेत होतं नाहीतर मिठागर. ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभं आहे. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळावा म्हणून उरणजवळच्या जासईला १९८४ च्या जानेवारीत गोळीबार झाला, पाच जण गेले, तेव्हा कुठे योजना आली. एवढं करूनही आमच्या पोरांनी वाढत्या कुटुंबासाठी बांधलेली घरं कागदावर अनधिकृतच राहिली. करावे, सारसोळे, दारावे इथे अजून मासेमारी करणारी घरं आहेत. जाळी सुकवायला आणि होड्या ओढायला मोकळी जागा लागते. तुमच्या नकाशात तिला रंग कुठला?

तुमच्या टेबलावर आमची हरकत घेणार का? की अतिक्रमण हटवा म्हणून आमच्याच विरोधात सह्या होणार? आधी ते स्पष्ट करा, मग सांगतो येतो की नाही. आमची जत्रा असते तेव्हा सेक्टरमधून आवाजाच्या तक्रारी जातात, हेही लक्षात आहे आमच्या.

मंडळ कार्यकर्ता, सेक्टर मधला

करावेच्या भावाचं बरोबर आहे. ढोल आमचेही वाजतात, तक्रार मात्र गावाची होते. रात्री दहाचा नियम सगळ्यांना सारखाच पाहिजे.

ताई, एवढं करू शकतो. मांडवात नाही, मैदानाच्या फाटकापाशी, चपला ठेवतो त्या बाजूला टेबल लावा. मंडळाचं नाव त्यावर नको. माझी चार मुलं लिहून द्यायला बसतील, सहीपुरतं नाही, पूर्ण अर्ज लिहून द्यायला. पण दबाव आला तर मी अध्यक्षांना अडचणीत आणणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

नेरूळची रहिवासी

फाटकापाशी चालेल.

करावेच्या दादा, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: होड्यांच्या जागेची हरकत त्याच टेबलावर घेतली जाईल आणि ती तुम्ही सांगाल त्या शब्दांत लिहिली जाईल. गावाच्या घरांविरुद्ध एकही अर्ज तिथे लिहिला जाणार नाही. हे मान्य नसणाऱ्या शेजाऱ्यांनी आपले अर्ज स्वतंत्र द्यावेत.

सिडको इमारतीतला, वरचा मजला

ड्राफ्ट्समन काकांचं चटई क्षेत्राचं म्हणणं समजलं. तरी मला भीती आहे ती आहेच. हरकत म्हटलं की बिल्डर तेवढंच कारण सांगून काम पुढे ढकलतो. माझी सही तूर्त धरू नका. इमारतीचं पत्र हातात आलं की बघू.

करावे गावचा

भूखंडांची यादी करायला रविवारी सकाळी बसू, मला जमेल. जेट्टीकडच्या जागेचे जुने सातबारे आमच्याकडे आहेत, ते घेऊन येतो. शेजारच्या गावातले दोघे-तिघेही येतील. सेक्टरची माणसं किती येतात ते बघतो.

जुना ड्राफ्ट्समन

सातबारे आणाच, त्यावरचे सर्व्हे नंबर आजच्या भूखंड क्रमांकांशी जुळवावे लागतील, त्याला दोन तास जातात. नकाशाची प्रिंट ए-थ्री काढू नका, आकडे वाचता येत नाहीत. ए-वन काढा, आणि कुणीतरी पट्टी व भिंग आणा.