नव्या कपाटाचे सुटे भाग कमी निघाले

प्रश्न: नवे कपाट जोडायला घेतले, तेव्हा पुस्तिकेतील यादीप्रमाणे 16 स्क्रूंऐवजी 12च निघाले आणि डाव्या दाराची एक बिजागरी पिशवीत नव्हतीच. विक्रेता उत्पादकाकडे बोट दाखवत आहे. मी काय करावे?

उत्तर 1: पैसे विक्रेत्याने घेतले आहेत, त्यामुळे पहिली जबाबदारी त्याचीच, असे माझे स्पष्ट मत आहे. पुस्तिकेतील भाग क्रमांक, पावती आणि खोक्यावरील लेबलाचे फोटो जोडून, भाग कोणत्या तारखेपर्यंत मिळतील हे विचारणारी लेखी तक्रार करा; फोनवरच्या बोलण्याचा सहसा पुरावा उरत नाही.

उत्तर 2: थर्माकोलच्या खाचा आधी पुन्हा तपासा. तोवर जोडणी थांबवा, कारण दुसरी बिजागरी बसवण्यासाठी नवी भोके पाडलीत, तर वस्तू परत घेण्यास नकार मिळू शकतो.