बर्लिनची कला-कपात: गल्ल्यावरची ती बाई मी आहे

काउंटरवाली (बर्लिन), 9 डिसेंबर 2024

इथले महापौर काई वेग्नर यांचं म्हणणं नुकतंच छापून आलं. सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसणारी बाई स्टाट्सऑपरला, म्हणजे इथल्या सरकारी ऑपेराला, क्वचितच जात असेल, पण तिथली तिकिटं स्वस्त ठेवायला पैसा तिच्याही करातून जातो. म्हणून कपात. तर मंडळी, ती बाई मी आहे. मास्टर्स करतेय आणि आठवड्याचे वीस तास गल्ल्यावर असते. माझ्या नावाने रडणाऱ्यांनी मला एकदा विचारायचं तरी!

मामला असा. बर्लिन हे शहरही आहे आणि राज्यही. 2025 च्या सुमारे 40 अब्ज युरोंच्या अंदाजपत्रकातून 3 अब्ज काढायचेत. त्यात संस्कृतीचे 13 कोटी, म्हणजे त्या खात्याच्या पैशातला जवळजवळ आठवा हिस्सा. 19 तारखेला विधानसभेत मतदान आहे. शाउब्यूनेसारखं नावाजलेलं थिएटर दिवाळखोरीची भाषा करतंय.

पहिला घाव कुणावर पडला बघा. जुलै 2021 पासून महिन्याच्या पहिल्या रविवारी इथली कितीतरी म्युझियमं फुकट असायची. 1 डिसेंबरला तो शेवटचा रविवार झाला. रांगेत माझ्यापुढे एक तुर्की आजी होती, कडेवर नातू, त्याच्या हातात सिमिट, म्हणजे तिळाचं पावाचं कडं. दार येईपर्यंत माझ्या बुटांवर तीळच तीळ. ही आजी ऑपेरावाली का?

आणि ग्रिप्स! हान्साप्लाट्झचं मुलांचं थिएटर. राजा नाही, परी नाही, मोठी माणसं मुलांची कामं करतात आणि विषय घरातले, शाळेतले. सकाळच्या प्रयोगाला वर्गच्या वर्ग येतात, त्यात गल्ल्यावरच्या बायकांचीही पोरं असतात. हेच ग्रिप्स 1986 मध्ये मोहन आगाशे यांनी पुण्यात आणलं. मी त्या नाटकांवर वाढले.

म्हणून विनंती. बर्लिनमध्ये मत असलेल्यांनी आपापल्या आमदाराला या आठवड्यात पत्र टाका. मत नसलेल्यांनी निदर्शनाला उभं तरी राहा. आणि पुण्यात ग्रिप्स पाहिलेल्यांनी, त्यात काम केलेल्यांनी चार ओळी लिहून सहीसकट पाठवा. मी जर्मन करून माझ्या पत्राला जोडते.

ताळेबंद (फ्रांकफुर्ट)

भावना पोचल्या, आता आकडे. कपात फक्त कलेला नाही. बस-रेल्वेचा 29 युरोंचा मासिक पास बंद होतोय, शाळा आणि वाहतूक यांनाही कात्री आहे. शहर कर्जात असताना तीन-तीन ऑपेरा हाउस कशाला? जर्मनीत सरकारी थिएटरच्या खर्चाचा पाचवा हिस्साही तिकिटांतून निघत नाही. मग ज्यांना परवडतं त्यांचं तिकीट महाग करा की. आणि ताई, स्टुडंट व्हिसावरची मंडळी निदर्शनाला बोलवायची तर जरा जपून.

काउंटरवाली

आकडेच घेऊ. 40 तून 3 म्हणजे साडेसात टक्के. संस्कृतीला बारा-तेरा. सगळ्यांना सारखी कात्री असती तर मी निम्मी भांडले असते. तिकिटाचं म्हणाल तर तिशीच्या आतल्यांना इथे कार्डावर ऑपेराची खुर्ची पिझ्झाच्या किमतीत मिळते. म्हणून तर गल्ल्यावरची बाई दोनदा जाऊन आली (एकदा दुसऱ्या अंकात झोपली, ते जाऊ द्या).

आणि एकदा पाडलेलं पुन्हा उभं राहत नाही. 1993 साली पैसे वाचवायला शिलर थिएटर बंद केलं. वास्तू आहे, पण तिथे बिऱ्हाडं दुसऱ्यांची: आपली इमारत दुरुस्तीला असताना स्टाट्सऑपर, आता कोमिशे ऑपर ही दुसरी ऑपेरा कंपनी. शिलरची स्वतःची नटमंडळी उठली ती उठलीच.

व्हिसाचं मात्र खरं. पण पोलिसांकडे रीतसर नोंदवलेल्या निदर्शनात शांतपणे उभं राहणं हा गुन्हा नाही.

फडकरी (जुन्नर तालुका)

वाचून हसू आलं. आमच्या नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी येतात, जत्रेची सुपारी ठरवून जातात. सरकार म्हणून कुणी त्या राहुटीत बसलेलं नसतं. फड चालला तर ढोलकीवाल्याचं घर चालतं. तुमचं थिएटर आठवा हिस्सा गेला तर कोलमडतं, मग ते उभं कशावर होतं? कलेनं लोकांच्या दारात जावं. तिकडच्या गोऱ्यांसाठी आमच्या माणसांच्या सह्या कशाला?

काउंटरवाली

फडकरीदादा, राहुटीचं बोललात ते मान्य. पण 2020 आणि 21 ला लागोपाठ दोन वर्षं जत्रा बसल्या, तेव्हा फडमालक कुणाच्या दारात गेले? सावकाराच्याच ना? लोकाश्रय जत्रेपुरता पुरतो, जत्रा बुडाली की आधाराला काहीतरी लागतं. तुमच्या ढोलकीवाल्याला ते कधी नीट मिळालंच नाही. म्हणून ज्यांना मिळतंय त्यांचंही काढा, असं म्हणाल तर तुमचं आणि वेग्नरसाहेबांचं गोत्र एकच.

फडकरी

सावकाराचं बोललात, गप्प बसतो. पण आमच्या मानधनासाठी मुंबईत उभं राहायची वेळ आली तर बर्लिनहून किती पत्रं येतील ते बघू.

शनिवारकर (पुणे)

मी ग्रिप्समध्ये चार वर्षं पोराची कामं केली. वय तेहतीस, अर्धी चड्डी, गुडघ्याला खरचटल्याचा मेकअप. प्रयोगानंतर एक मुलगा येऊन विचारून गेला, "काका, तुमचे बाबा पण ओरडतात का?" हे लिहून पाठवू की काही भारदस्त लागेल?

काउंटरवाली

हेच पाठवा.

ताळेबंद

मसुदा मला दाखवा, जर्मन तपासून देतो. सही करणार नाही. टक्केवारीची ओळ मात्र सगळ्यात वर घ्या, आमदार पहिला परिच्छेदच वाचतो.

काउंटरवाली

घेतली. उद्या दोनला शिफ्ट सुटते, संध्याकाळपर्यंत पाठवते. फडकरीदादा, तुमच्या मुंबईच्या पत्रावर पहिली सही माझी, तारीख तेवढी कळवा.