अनुभव धागा : तुमच्या गल्लीतली भिंत कशी रंगली?

फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० च्या महिला गटाची बैठक संभाजीनगरला झाली, तेव्हा पाहुण्यांसाठी रस्ते-भिंती चकाचक झाल्या. दिल्लीची लोधी कॉलनी, मुंबईचा ससून डॉक इथली भिंतीचित्रं आपण फोटोत पाहतो. इथं मात्र आपल्यासाठी रंगलेल्या भिंतींबद्दल लिहा. ब्रश धरला असेल, भिंत दिली असेल, नुसता चहा पाजला असेल, तरी चालेल.

लातूर, गृहिणी : चित्रकार पोरगी म्हणाली, "मावशी, मोर काढू का?" म्हटलं, मोर सगळीकडं आहेत, मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे काढ. एप्रिल २०१६ मध्ये आम्ही घागरी घेऊन रांगेत होतो, ते पोरांना कुठं ठाऊक? गल्लीतल्या बायांनी सांगितलं तसं तिनं काढलं: नळाभोवतीची भांडणं, टँकर, सगळं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, चित्रात बारा निघाल्या. समोरचे आजोबा अजून भांडतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून मोजायला लावतात.

जालना, पेंटर : फ्लेक्स आले अन् आमची पाट्यांची कामं गेली. म्हणून भिंती रंगवायच्या उत्सवात बोलावलं की जातो. कॉलेजची पोरं थेट रंगाला भिडतात. आधी पोपडे खरवडा, प्रायमर मारा, मग चौकटी आखा. उन्हाळ्यात दुपारी भिंत तव्यासारखी तापते, रंग ब्रशवरच वाळतो. काम सकाळी नऊच्या आत, नाहीतर पाचनंतर.

परभणी : जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या फरशा लावल्या, तरी पिचकाऱ्या थांबल्या नव्हत्या. पोरांच्या हातांचे ठसे उमटवले, खाली नावं लिहिली. आता थुंकणाराच इकडंतिकडं बघतो.

संभाजीनगर, कलाशाखेची विद्यार्थिनी : जरा कडू बोलते. प्रत्येक पुलाखाली अजिंठ्याच्या लेण्यातला तोच कमळधारी पद्मपाणी! अजिंठ्याच्या कारागिरांनी माती-भुशाचा लेप देऊन खडक तयार केला, मग रंग लावला. आपण धुळीवरच रंग थापतो, शेजारच्या पानवाल्यालाही विचारत नाही. मग त्यानं का राखावं?

नांदेड : आमच्या चित्रावर भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढला. विद्रूपीकरणविरोधी कायदा १९९५ पासून आहे, पण तक्रार कोण करणार? पुढच्या भिंतीच्या उद्घाटनाला भाऊंनाच बोलावलं. फ्लेक्स त्याच रात्री उतरला.

हिंगोली : भिंत आहे, मालक तयार, वर्गणीही निघेल. परांची कुणाकडं मिळेल?

जालना, पेंटर : माझ्याकडं आहे. दिवाळीनंतर कळवा दादा, आत्ता भिंत ओली असंल.