सहा ठिपक्यांच्या किड्याला भुंगा म्हणावं का?

भाच्याने माळावरून एक किडा धरून आणलाय. काळाकुळकुळीत, अंगठ्याएवढा, पाठीवर सहा पांढरे ठिपके. आई म्हणाली भुंगा. म्हणून बरणीत जास्वंद आणि गुळाचं पाणी ठेवलं, तर दोन दिवस ढुंकूनही बघत नाही. याला मराठीत नेमकं काय म्हणतात?

— आधी तो गूळ काढा! नावानेच घोळ केलाय. भुंगा आला संस्कृत भृंगावरून, तो फुलांभोवती गुणगुणणारा. ‘डोक्याला भुंगा लावणे’ यातही ती भुणभुणच आहे. तुमच्या पाहुण्याला उडताच येत नाही, मग भुणभुण कुठली? वर्णनावरून हा शास्त्रीय नावाने अँथिया सेक्सगुट्टाटा दिसतो. १७७५ साली फाब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने वर्णन केलेला. लॅटिनमध्ये सेक्स म्हणजे सहा, गुट्टा म्हणजे थेंब. आहे शिकारी, रात्री बाहेर पडणारा. लांब पाय, दोऱ्यासारख्या मिशा आणि पुढे आलेले जबडे बघा, खात्री पटेल.

— आमच्याकडे शेतात सगळे ‘भुंगेरा’च म्हणतात. पण भुंगेरा म्हटलं की आठवतो हुमणीचा, म्हणजे पिकाची मुळं खाणाऱ्या अळीचा. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर पाला खायला जमतात ते. म्हणजे शत्रूच. म्हणून शेतीच्या पुस्तिकांत किडे खाणाऱ्याला ‘परभक्षी भुंगेरा’ लिहितात. मला तो शब्द खटकतो. पर म्हणजे दुसरा. मग पाला खाणारा काय स्वतःला खातो? सरळ ‘शिकारी भुंगेरा’ म्हणा.

— ‘ढालकिडा’ चालेल का?

— नको. ढालकिडा म्हणजे पिकावरची मावा कीड खाणारा तो चिमुकला लाल ठिपकेवाला.

झुरळ टाकून पाहिलं. सकाळी फक्त पाय आणि पंख उरले होते. आई बरणीकडे फिरकत नाहीये. आता ठेवायचा कसा?

— ताई, बरणी नको, पसरट काचेचं भांडं घ्या, वर जाळीचं झाकण. तळाला चार बोटं वाळूमिश्रित माती, एक कोपरा ओलसर, लपायला खापराचा तुकडा. झुरळं, नाकतोडे द्या, पण औषध मारलेल्या घरातलं झुरळ नको. जोडीला दुसरा आणू नका, एकच उरायची शक्यता. आणि भाच्याला सांगा, तोंड जवळ नेऊ नकोस. डिवचला तर पोटाच्या टोकातून फॉर्मिक आम्लाचा फवारा मारतो, डोळ्यात गेलं तर भोवेल. (फॉर्मिका म्हणजे लॅटिनमध्ये मुंगी. काही मुंग्या चावल्यावर होणारी आग त्याच आम्लाची.) तरुण डार्विनचे दोन्ही हात किड्यांनी भरलेले, तेवढ्यात तिसरा दिसला, म्हणून एक तोंडात टाकला. त्यानेही तिखट द्रव सोडला. जीभ पोळली आणि तोंडातला, समोरचा, दोन्ही निसटले.

भाच्याने नाव ठेवलंय ‘सहाठिपक्या’. आई मात्र अजून विचारते, “भुंगा जेवला का रे?”