मदत हवी आहे : राक्षस कमी दिसणारे भयपट सुचवावेत
भयपट, विज्ञानपट आणि साहसपट या तिन्हींची सरमिसळ असलेले चित्रपट मी गेली अनेक वर्षे आवडीने पाहत आलो आहे. मात्र अलीकडच्या अशा बहुतेक चित्रपटांत पहिल्या दहा मिनिटांतच संगणकावर घडवलेला प्राणी पडदाभर नाचू लागतो आणि माझी भीती तिथेच संपते. याउलट १९७५ च्या 'जॉज'मध्ये यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात वारंवार बिघडत असल्यामुळे स्टीव्हन स्पीलबर्ग यांना तो फारसा दाखवता आला नाही, आणि त्या अडचणीतूनच पाण्याखाली काहीतरी आहे ही धास्ती प्रेक्षकाच्या मनात घर करून राहिली. रिडली स्कॉट यांच्या १९७९ च्या 'एलियन'मध्येही सात जणांच्या यानात शिरलेला जीव बराच काळ अंधारातच राहतो. जॉन कार्पेंटर यांचा 'द थिंग' (१९८२) मात्र सगळे उघडपणे दाखवूनही घाबरवतो, हे मान्य करावेच लागेल; कदाचित अंटार्क्टिकावरच्या त्या माणसांचा एकमेकांवरचा संशयच अधिक भयंकर असावा.

आपल्याकडच्या 'तुंबाड'मधला (२०१८) पाऊस आणि तो जुना वाडा मला त्यातल्या हस्तर या राक्षसापेक्षाही अधिक अस्वस्थ करून गेला.

तेव्हा जाणकारांना विनंती अशी की, या जातकुळीचे, शक्यतो भारतीय भाषांतील, आणखी काही चित्रपट सुचवावेत. तेरा वर्षांची भाचीही सोबत पाहणार असल्याने रक्तपात किती आहे, तेही कृपया कळवावे.