मदत हवी आहे: टर्बो गाडीसाठी रत्नागिरीत ९५ की १०० ऑक्टेन पेट्रोल?

नमस्कार मंडळी. माझ्या टर्बो पेट्रोल गाडीच्या टाकीच्या झाकणावर किमान ९५ ऑक्टेन लिहिलंय. साधं पेट्रोल भरलं की आंबा घाट चढताना, चार माणसं आणि एसी चालू असताना, इंजिनातून टक-टक येते. जीव खाली-वर होतो. ऑक्टेन म्हणजे जादा ताकद नव्हे, दाबाखाली पेट्रोल अवेळी न पेटण्याची क्षमता, एवढं समजलंय. इंजिनाचं ट्यूनिंग कंपनीचंच आहे, बाहेरून काही बदललेलं नाही, मग एक्सपी ९५ (इंडियन ऑइलचं ९५ ऑक्टेनचं पेट्रोल) पुरेल ना? की १०० ने खरंच फरक पडतो? चिपळूण ते सावंतवाडी हायवेवर प्रीमियम पेट्रोल कायम मिळणारा, भरपूर खप असलेला पंप कुठला? पंपाच्या टाकीत पडून राहिलेलं जुनं पेट्रोल नको. स्वतः वापरलेल्यांनी कृपया सांगा.