विषय: नाने नानेची झांझिबार सहल, होडी आणि जेवण

नमस्कार मंडळी,

८ ऑगस्टच्या नाने नानेच्या, म्हणजे टांझानियातल्या शेतकरी दिनाच्या सुट्टीला जोडून झांझिबारला जायचं ठरतंय. सकाळच्या पहिल्या फेरीबोटीने दार-एस-सलामहून निघालो की दोनेक तासांत स्टोन टाउन, म्हणजे झांझिबारचं जुनं शहर. दुसऱ्या दिवशी झांझिबारच्याच फुंबा गावाहून होडीने मेनाई खाडीतली बेटं. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जेवणाचे डबे इथून न्यायचे का? आणि होडी आधी ठरवायची की तिथे जाऊन? जे जाऊन आलेत त्यांनी कृपया लिहावं.

– सहल समिती

---

समितीस नमस्कार,

डबे अजिबात नेऊ नका. मी मूळची मालवणची, फुंब्याला चारदा जाऊन आले. पहिल्या खेपेला दशम्या, चटणी, लाडू असं सगळं बांधून नेलं होतं. क्वाले बेटावर उतरलो तर चूल पेटलेली आणि एक बाई म्बुझीवर बसून नारळ खवत होती. स्वाहिलीत म्बुझी म्हणजे बकरी, पण ही म्हणजे नारळाची खवणी: बुटकं घडीचं स्टूल, पुढे दातेरी लोखंडी पातं, खाली परात. तिने खोबरं पिळून दाट दूध बाजूला ठेवलं, त्याच चोथ्यात पाणी घालून पातळ दूध काढलं. पातळ दुधात ऑक्टोपस शिजला आणि दाट दूध अगदी शेवटी पडलं, चुलीवरून उतरवताना. माझी आजी सांगायची, पहिला रस वर घालायचा आणि उकळू द्यायचा नाही. तिच्या हाताची रीत मी हिंदी महासागराच्या या टोकाला बघत उभी होते. आमचा डबा तसाच परत आला.

होडीवर गेलात की तांडेलाला काय म्हणतात ते ऐका. स्वाहिलीत नाहोधा. आपला नाखवा आणि हा एकच, दोघेही फारसीतल्या नाखुदाचे. बंदराला बांदारी. कास्काझी, म्हणजे ईशान्येचा मोसमी वारा धरून कच्छ-मुंबईची गलबतं इकडे यायची आणि कुसी, म्हणजे दक्षिणेकडचा वारा सुटला की परतायची, त्या येण्याजाण्यात शब्द आणि मसाले दोन्ही इकडचे तिकडे झाले.

आता होडीबद्दल. ती आधीच ठरवा आणि वेळ भरती बघून ठरवा. उधाणाच्या दिवसांत तिथे भरती-ओहोटीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो, आणि किनारा दूरवर उथळ. दुसऱ्या खेपेला आम्ही किनाऱ्यावर भेटलेल्या एका माणसाची होडी स्वस्तात घेतली. निघायलाच अकरा वाजले. परतलो तेव्हा पाणी ओसरलेलं, होडी लांबच टेकली. मुलांना खांद्यावर घेऊन शेवाळातून चालत आलो. त्या पाण्यात लांब काळ्या काट्यांचे गोळ्यासारखे प्राणी असतात. यजमानांच्या टाचेत काटे मोडले, गावातल्या एका आजींनी कच्च्या पपईचा चीक लावून दिला. शिवाय माणसं अकरा आणि लाइफ जॅकेट चार. हे मी आजही विसरलेले नाही. पैसे देण्याआधी जॅकेटं मोजून घ्या.

– उपांग्याची काकू

---

काकू, नमस्कार. आम्ही मार्चमध्येच दारच्या मसाकी भागात राहायला आलो. आमच्याकडे श्रावणात मासे-मटण बंद असतं, सासूबाईही बरोबर येणार आहेत. त्या काय खातील? आणि मला बोट लागते.

– मसाकीहून

---

अगं, सासूबाईंना खुशाल घेऊन ये. नारळाच्या दुधातला राजमा मिळतो, त्याला महारागे या नाझी म्हणतात. म्चिचा म्हणजे आपला माठ, तोही नारळातच. मागताना बिला न्यामा, बिला सामाकी असं स्पष्ट सांगायचं, म्हणजे मांस नाही, मासे नाहीत. सकाळी विटुंबुआ घ्या. तांदूळ, नारळ, वेलची, साखर यांचं पीठ आंबवून आप्प्यांसारख्या खळग्यांच्या लोखंडी पात्रात तळतात. सासूबाई ओळखतील बघ. संध्याकाळी स्टोन टाउनच्या फोरोधानी बागेत मासे भाजणाऱ्यांच्या रांगा लागतात, त्यांनी तिथे नाही बसलं तरी चालेल. त्यांना उरोजो द्या. हळदीचा पिवळा, कैरी-चिंचेचा आंबट रस, त्यात भजी, बटाटा, कसाव्याचा कुरकुरीत कीस, वर खोबऱ्याची चटणी. अंडं आणि मांस घालू नका म्हणायचं. मला विचारशील तर सगळ्या सहलीत एकच पदार्थ खायचा झाला तर हा.

बोट लागण्याचं म्हणशील तर ऑगस्टमध्ये कुसी दक्षिणेकडून वाहतो. जाताना तो पाठीवर असतो, परतताना तोंडावर, तेव्हा परतीची बोट जास्त हलते. गोळी निघायच्या आधी घे, लागल्यावर नाही. बोटीच्या मागच्या भागात, खालच्या मजल्यावर बस आणि नजर क्षितिजावर ठेव.

चांगू बेटावर मुलांना नक्की न्या. स्टोन टाउनहून होडीने अर्ध्या तासाच्या आत. १९१९ मध्ये सेशेल्सहून आणलेल्या कासवांचा वंश तिथे आहे. माझ्या धाकट्याने पालकाचं पान पुढे केलं तर कासवाने मान लांब करून हळूच ओढून घेतलं, आणि तो दिवसभर आपल्या बोटांकडे बघत होता.

– काकू

---

सर्वांना,

डबे रद्द. फुंब्याच्या होडीसाठी भरतीचं कोष्टक बघून निघायची आणि परतायची वेळ शनिवारी कळवतो. जेवण होडीवाल्यांच्या गटाकडेच सांगणार आहोत, शाकाहारी किती ते लिहा. मुलांची वजनंही लिहा, त्यांच्या मापाची जॅकेटं आधी सांगून ठेवावी लागतात.

– सहल समिती